न आठवणाऱ्या दिवसांची वही

आमच्याकडे प्रत्येक खाटेला एक निळी वही असते.
ज्याच्या घशात नळी, ज्याला औषधाने झोपवलेलं,
त्याचे दिवस आम्ही लिहून ठेवतो,
तो जागा झाला तर त्याला परत करायला.
हे 'तर' वहीत लिहायचं नाही, तुरीद बजावते.
लॅटिन नाही, आकडे नाहीत, खोटा धीर नाही.
शेजाऱ्याला चिठ्ठी लिहावी, तसं लिहायचं.

*चार डिसेंबर.*
इंगवाल्ड, मी मारेत, रात्रपाळीची नर्स.
तू ट्रोम्सोला आहेस, सातव्या खाटेवर.
सेन्याच्या पलीकडे तू होडीतून पडलास,
छाती आधी पाण्याने भरली, मग तापाने.
बाहेर अंधार आहे. त्यात तुझा काही दोष नाही;
सूर्य नोव्हेंबरातच गेला, जानेवारीत यायचा आहे.
श्वास यंत्र घेतंय. तू नुसता पडून राहा.

*सहा डिसेंबर.*
बोर्गहिल्ड येऊन गेली. तुझ्या पायांत लोकरी मोजे चढवले,
एक तपकिरी, एक राखाडी, घाईत हाती लागले ते.
ऑयस्टाइन, आमचा मोठा डॉक्टर, पोरांना घेऊन आला
आणि मोज्यांकडे बघत राहिला.
मूत्रपिंडांचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला,
पोरं सुटली.

*नऊ डिसेंबर. पहाटे तीन*
(पहाट म्हणायची म्हणून).
तुझं रक्त निळसर व्हायला लागलं, तुला पालथं घालायचं ठरलं.
थिया डोक्याशी, नळी दोन्ही हातांत.
मोजणार ती, आणि तिच्या आवाजाखेरीज
कुणी कशालाच जुमानायचं नाही.
पाचच जण होतो. एक्स-रेचं यंत्र ढकलत आलेल्या पोऱ्याला
तुरीदने दंडाला धरून उभं केलं, सहावा.
लेतेब्रहान बादली बाजूला घेऊन दार धरून थांबली.
खालची चादर, वरची चादर, कडा एकात एक गुंडाळून
तुझी पुरचुंडी बांधली.
एक, दोन, तीन. कडेला.
एक, दोन, तीन. कुशीवर.
एक, दोन...
ओल्या कॉडसारखा जड होतास, इंगवाल्ड.

त्याच पानावर खाली सुनीवाचं अक्षर,
शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, तिची पहिली रात्र:
*मला भीती वाटली. तुझा खांदा माझ्या हातात होता.*
तुरीदने वाचलं. खोडलं नाही.

बारा ते सोळा कुणी काही लिहिलेलं नाही.
एका पानावर कॉफीच्या कपाचा गोल डाग आहे.
तोही खराच.

पाचव्या खाटेची वही त्याच आठवड्यात मी टपालाने पाठवली,
हामरफेस्टला, एका आईच्या नावे.
पोचपावती आली. दुसरं काही नाही.

जानेवारीत तो आला, चाकाच्या खुर्चीतून,
कपडे दुसऱ्याचे वाटावेत इतका वाळलेला.
यंत्रांकडे बघितलं, खाटेकडे बघितलं, काहीच ओळखीचं नव्हतं.
"जाळं होतं," म्हणाला. घशातली खरखर अजून गेली नव्हती.
"काळोखात ओढत होते. आत मीच.
कुणी बाई मोजत होती.
मला वाटलं, आता फळीवर घेऊन पोट फाडतील."
हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं;
ती त्याच्याकडे वळून बघत राहिली.

मी नऊ डिसेंबरचं पान उघडून दिलं.
त्याने बोट ठेवून वाचलं, दोनदा.
*एक, दोन, तीन*पाशी बोट थांबलं.
मग माझ्या खिशातलं पेन मागितलं,
आणि थरथरत्या हाताने, वेळ घेऊन,
कॉड खोडलं.
वर लिहिलं: हॅलिबट.

वही तिथेच ठेवून निघाला.
लिफ्टपासून बोर्गहिल्ड एकटीच परत आली,
कोटाच्या आत घालून ती घेऊन गेली.

सातव्या खाटेवर दुपारीच कुणी आलं होतं.
मी नवी वही काढली, तारीख घातली,
*मी मारेत* इथवर आले,
आणि सुनीवाला म्हटलं, जरा टोकाच्या खिडकीशी जा,
बघून ये बाहेर काय आहे,
मला लिहायचंय.