आडनाव: निनावे

गोळीबार चौकातल्या गाळ्यात, दीड खुर्चीच्या जागेत,
मी लोकांना ते लोक असल्याचा कागद देते.
बोट ठेवा. दाबा. पुसा. पुन्हा ठेवा.
यंत्र लाल होतं.
काका, जरा ओलं करा, मी म्हणते.
काका हसतात: चाळीस वर्षं मागावर गेली, पोरी,
रेषा सुतात गेल्या.
कोण्या लुगड्याच्या काठात असतील,
तिथं पाय.

माझं आडनाव निनावे.
खरंच. तांडापेठेपासून पाचपावलीपर्यंत
घरं आहेत आमची.
अर्जात लाल चांदणी असते: नाव आवश्यक.
मी भरते, निनावे,
आणि संगणक निमूट मान्य करतो.

रात्री मोबाइलवर माझं नाव धोटा.
धोटा इकडून तिकडे जातो, दिसत नाही,
कापड दिसतं.
धोट्यानं लिहिलं, पतसंस्थेच्या अध्यक्षांनी
कुणाकुणाच्या ठेवी गिळल्या,
तारखेनिशी, पावतीनिशी.
दुसऱ्या दिवशी त्यांचा जावई आला, पत्ता बदलायला.
कानाला फोन: हा धोटा कोण आहे बे,
सापडू दे फक्त.
मी म्हटलं, बोट ठेवा.

आता म्हणे नियम येतोय.
प्रत्येक खात्याला अंगठा, प्रत्येक शिवीला घर नंबर.
टपरीवर उमरेडकर सर म्हणाले,
मनात पाप नाही त्याला नावाची काय भीती?
सर, तुमचं नाव हलकं आहे,
बसच्या तिकिटासारखं वरच्या खिशात मावतं.
काही नावांना दारातच चप्पल काढायला सांगतात.
इथे ‘पूर्ण नाव?’ विचारणारा
नाव विचारत नसतो.
हे मी बोलले नाही. चहाचे पैसे दिले.

पण मग चारुलता आली,
मावसबहिणीची पोर, कबड्डीत कोपरा धरते.
तिच्या फोटोखाली तीनशे जण,
आणि चेहरा एकालाही नाही.
सूर्यफूल, वाघ, बाळकृष्ण, कोरा गोल.
काय काय लिहिलं होतं ते
तिनं वाचू दिलं नाही, हातात फोन देऊन
भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.
ठाण्यात आधी तिलाच विचारलं, ओळखपत्र आणलं का?
म्हणाली, मावशी, तुह्याकडे मशीन आहे नं,
या साऱ्यायचे अंगठे घेऊन टाक.

यातला एखादा दुपारी माझ्यासमोर बसला असेल,
ताई, फोटो चांगला काढा, म्हणत.
माझ्या जिभेवर आलं होतं: मी पण.
गिळलं.
तिच्यापुढे मीही एक कोरा गोल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली.
तिला घेऊन गेले, म्हटलं जरा हसेल.
बांबू-कागदाचा बडग्या आला,
पोट फुगलेलं, पोटावर ठेवींच्या पावत्या,
खाली कुणाची सही नाही,
आणि सगळ्यांना कळलं कोण ते.
उमरेडकर सर फुटपाथवर टाळ्या पिटत होते.
घेऊन जा गे मारबत!
माझ्याही गळ्यातून आलं, गळा दुखेपर्यंत.

त्याच्यामागे एक बाई, कागदाची.
तीही कुणी केली ठाऊक नाही.
पोरं तिच्या छातीकडे काठ्या रोखून काहीबाही ओरडत होती.
तोच ढोल. तीच गर्दी.
चारुलतानं माझा हात सोडला.

सोमवारी काका परत आले.
ओला कापूस दिला. लाल.
डावा अंगठा. लाल.
राहू दे, ते म्हणाले, मी मीच आहो, सांग त्याले.
मी कागदावर कारण लिहिलं: रेषा आढळल्या नाहीत.
खाली एक रकाना असतो,
तपासणाऱ्याचं पूर्ण नाव.
पेन तिथे टेकवलं
आणि शाईचा ठिपका मोठा होईपर्यंत
उचललं नाही.