चौथी

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
एल्मार पाल्गींची दगडफुलांची पुस्तिका,
तीनशे बारा पानं,
निवृत्तीच्या आधी त्यांनी स्वतः जुळवलेली, ओळ न् ओळ,
मी वेबपानांत उतरवते आहे.

पहिल्याच फेरीत चित्रं सुटली
दावं तोडलेल्या वासरांसारखी.
‘वरील आकृती पाहा’ म्हणणारं वाक्य
खाली बघत बसलं.
आणि पानंच उरली नाहीत, तर
‘मागील पानावर’ जायचं कुठं?
याद्यांचं विचारूच नका.
जो तो पुन्हा एकपासून,
पोटयाद्या आयांच्या रांगेत येऊन उभ्या.
मी समास दिले. आकडे बांधले.
एकेक चित्र त्याच्या परिच्छेदाशी
कान धरून नेऊन बसवलं.

गुरुवारी एल्मार आले
बुटांचा बर्फ पायपुसण्यावर ठोकत,
छापील प्रत काखेत, चष्मा कपाळावर, नाक पडद्याला.
‘माझी चौथी कुठाय?’
म्हटलं, आहेत की सगळ्या, एक ते सात.
‘आठ होत्या.’

छापील पानावर खरंच,
४, टिंब,
आणि पुढं कोरं.
यंत्राला वाटलं असणार, चुकून बोट पडलं.
रिकामं कलम त्यानं गिळलं,
पाचवीला चौथी केलं,
टाका कुठं दिसू दिला नाही.

‘सारेमा बेटावर. चुनखडीच्या कुंपणावर.
कोटाच्या बटणाएवढी, करडी, कडेनं शेंदरी.
कॅमेऱ्यात फिल्म संपलेली.
वर्षानं गेलो तर कुंपणच नव्हतं,
रस्त्याच्या खडीला गेलं म्हणे.
एकदाच पाहिलेल्याला मी नाव देत नाही, बाई.
जागा मात्र दुसऱ्याला देत नाही.’

आकृती बाराही तसलीच :
एक चौकट, आत काही नाही,
खाली मापपट्टी.
‘फाइल सापडली नाही’ म्हणत यंत्रानं तीही टाकलेली.

मी हातानं चार घातला.
पुढं एक न दिसणारं अक्षर ठेवलं,
नुसत्या रिकामपणाला ब्राउझर उंची देत नाही.
चौकटीला कडा काढली. बारीक, करडी.

तेवढ्यात यंत्रानं विचारलं,
विचारतंच ते प्रत्येक चित्राला :
ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी
या चित्रात काय आहे ते लिहा.

मी एल्मारांकडे पाहिलं.
ते कोट चढवत होते, एका बाहीत हात अडकलेला.
‘लिही, रुंदी एक सेंटिमीटर.’

दाराशी थांबले.
‘किंवा थोडी कमी.’