छेद

दर मध्यरात्री वॉर्डात डोकी मोजतात.
बारा वाजता जो खाटेवर, तो एक रुग्णदिवस.
पावणेबाराला घरी गेलेला
किंवा खाली शवागारात नेलेला
धरायचा नाही.
महिनाभर असे साठत जातात : दोन हजार एकशे चौदा.
हा माझा छेद.

अंश वर, छेद खाली. उदगीरला हावगी मास्तर
मधली रेघ अशी ओढायचे की फळा कळवळायचा.
आता त्या रेघेच्या वर रक्त येतं,
बाटल्यांतून, लेबलावर तारीख आणि वेळ.
यंत्र किणकिणलं की समजायचं,
आत कुणीतरी वाढतंय.

खमीस बिन सईद, मासेमार, सोहार. वय एकसष्ट.
खमीस म्हणजे गुरुवार. आला तोही गुरुवारीच,
रात्री अकरा चाळीसला.
मानेजवळच्या शिरेत नळी घातली
तेव्हा हातांना अजून सुरमईचा वास होता.
शनिवारी पहाटे सहाला हुडहुडी.

प्लेटवर औषधांच्या सहा चकत्या,
एकीभोवतीही मोकळं वर्तुळ नाही.
जंतू थेट कडेपर्यंत आलेले,
बंद दुकानाच्या पायरीवर बसावं तसे निवांत.

"तीसच तास झाले होते," डॉक्टर मन्सूर म्हणाले,
"बाहेरून घेऊन आला असेल.
या महिन्यात शून्य राहू दे ना."
शून्याची पाटी लिफ्टशेजारी आहे, हिरवी, काचेत.

मी बोटं मोजली.
गुरुवारची वीस मिनिटं, तोही एक दिवस.
गुरुवार, शुक्रवार, शनिवार.
तिसऱ्या दिवसापासूनचं आपलं, असं नियम म्हणतो
आणि वीस मिनिटांसाठी
अख्खा माणूस पदरात टाकतो.
अन्याय असेलही.
पण उद्या वीस मिनिटं माझ्या सोयीची निघाली
तर कुठे थांबायचं ते कोण सांगणार?
लिहिला. अंशात एक.

बाहेर बाकावर त्याचा मुलगा हिलाल,
थर्मास, खजुराचा डबा.
"मिन वेन?" त्यानं विचारलं. कुठून आलं हे?
माझं अरबी गोळ्यांपुरतं, दुखण्यापुरतं.
"मिन हिना," म्हटलं. इथून.
आणि काय दाखवावं ते न सुचून
स्वतःचे तळहात दाखवले.

तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.
मग काहवा ओतली.
पुरे म्हणायला इथं पेला हलवायचा असतो.
मी हलवला नाही.
त्यानं पुन्हा ओतली.

आत बारा वाजत आले होते,
कुणीतरी खाटा मोजायला निघालं होतं.