तारण

बँकेतल्या पोरीनं पेन उचलून विचारलं,
पोटापाण्याचं काय करता, बा कासोन्दे?
म्हटलं, डास.
अकरा वर्षं डास. त्याआधी दोनदा कॉलरा,
एकदा दारुडा नवरा. तो फार चालला.
मुफुलिराच्या बाजारात बायका अजून
टोमॅटो मोजण्याआधी माझ्या तोंडाचा वास घेतात.

ती हसली नाही. रकाना छोटा होता.

सोंड सायकलच्या ट्यूबची, माझी मीच केली.
पंख चितेंगेच्या चिंध्यांचे, चिलेशेनं शिवलेले.
तेव्हा ती बायको नव्हती, ढोल वाजवायची,
मी ताल चुकलो की मुद्दाम थांबायची, सगळ्यांदेखत.

मच्छरदाणीवाल्यांचा चेक आला की मलेरिया,
पाणीवाल्यांचा आला की कॉलरा.
कुणाचाच आला नाही त्या वर्षी
आम्ही कसलाच रोग नव्हतो.
त्या वर्षी भोंग्याचं नाटक केलं:
खाणीचा भोंगा बंद पडतो
आणि गावात कुणालाच कळत नाही, उठायचं कधी.
तिकीट वाटीभर मक्याचं पीठ. सात प्रयोग.
म्हातारे खाणकामगार हसले नाहीत.
एकजण दुसऱ्या दिवशी घरी आला,
दारातच उभं राहून
भोंगा खरा कसा वाजायचा ते काढून दाखवलं,
आणि पाणीही न पिता गेला.

शनिवारी शाळेत शिकवतो.
चाळीस पोरं, एक खडू.
पहिला धडा, उभं राहणं.
नुसतं. आत्ता कुणी मारणार नाही, अशा बेतानं.
काहींना त्यालाच वर्ष लागतं.
म्विला दोन सत्रं झाडच होती.
तिसऱ्या सत्रात, ऐन प्रयोगात,
लाकूडतोड्या कुऱ्हाड घेऊन आला
तर झाड म्हणालं, नाही.
संहितेत ते नव्हतं.
लाकूडतोड्या माझ्याकडे बघायला लागला, मी आभाळाकडे.
पुढचं नाटक तिथूनच करावं लागलं.

कर्ज कशासाठी?
खुर्च्या. चाळीस. प्लास्टिकच्या चालतील.
तेवीस वर्षांत प्रेक्षक म्हातारे झालेत,
उभे राहून दमतात,
शेवटच्या प्रवेशाआधी घरी जातात.
शेवट कुणीच बघितलेला नाही.

तिनं रकान्यात लिहिलं, किरकोळ व्यापार.
मी सही केली.

तारण?
ढोल दोन, म्हटलं. सोंड एक.
ती लिहिता लिहिता थांबली.
किती वापरलेली, तिनं विचारलं.