पान नऊ

आमदार शुक्रवारी सोहारला आले,
लतीफ परकारच्या गोदामात, एसीखाली शाल-नारळ.
गुळगुळीत कागदावर कार्य-अहवाल:
सतरा रस्ते, दोन उद्यानं, जलकुंभ एक.
पान नऊवर आमचा शेलारपाडा,
फोटोत गटारावर झाकण.

बायकोनं कालच व्हिडिओवर दाखवलं,
तिथं तिनं पाट टाकलाय,
आमच्या लग्नातला.

"यंदा घासून आहे," ते म्हणाले, "घरी फोन करा."
मागे आले ते चारशे बारा मतांनी.
आमच्या तिकडचे इथं सहाशे तरी असू,
नाव यादीत, अंग सोहारात.

रात्री फोन लावला.
मत कुणाला द्यायचं ते सांगणार होतो.
ती म्हणाली, थांब,
पाट सरकल्यागत वाजलं,
धाकटी बाहेर आहे.