परतीचा परवाना

निकेयापासून दोन मुक्काम अलीकडे
आमचं डाकेचं ठाणं. चाळीस खेचरं, अकरा घोडे,
एक विहीर, आणि मी, ट्रोफिमोस.
मला अक्षर कळत नाही, मोहोर कळते.

त्या उन्हाळ्यात बिशपांची रीघ लागली.
सरकारी गाड्या, सरकारी जव,
कैसराचं बोलावणं: देव नेमका कसा
ते एकदाचं बसून ठरवा.
जनावरांच्या पाठी सोलवटल्या.
मी आपला धर्म मोजला
पाठींना लावलेल्या चरबीच्या मडक्यांत.
सतरा.

त्यांतच एक पेतेसिस, मिसरचा.
उजव्या डोळ्याची खाच, डावा पाय ओढत.
आधीच्या कैसराने तांब्याच्या खाणीत धाडलेला,
पळू नये म्हणून टाचेची शीर डागलेली.
परवाना पुढे केला, पण सोडेना.
मेणावर अंगठा फिरवत राहिला,
जुन्या दुखण्यावरून फिरवावा तसा.
"हीच मोहोर," म्हणाला.
मी म्हटलं, "गरुड तोच, बाबा. चेहरा तेवढा बदलतो."
त्याला मी शहाणी, न उधळणारी मादी दिली.

पावसाच्या तोंडावर सगळे परतले,
अंगाने भरलेले, मेजवानीच्या गोष्टी सांगत:
दाराशी नंग्या तलवारींच्या दोन रांगा,
मधून चालत गेलो, आणि कुणाला काही झालं नाही!
एकाने ओच्यातून अंजिरं आणली होती.
मलाही दिलं एक. गोड होतं.

पेतेसिस सर्वांत शेवटी. पायी.
मागे दोन शिपाई.
एका शब्दाशी अडला, सही केली नाही.
बाप आणि लेक कुठल्या एका द्रव्याचे,
असलं काहीतरी.
"शब्द खोटा आहे?" मी विचारलं.
सावकाश पाणी प्यायला.
"खराही असेल रे. मला विचार करायचा होता अजून.
पण ते दाराकडे बघून विचारत होते."

शिपायाने परवाना वाचून दाखवला.
मेण ताजं, गरुड तोच.
कैदी एक. खेचर नाही. जव नाही.

रात्री शिपाई घोरायला लागले
तेव्हा मी अठरावं मडकं काढलं.
टाच फाटून लाकडासारखी झालेली.
तो काही बोलला नाही, मीही नाही.

सकाळी कारकुनाला हिशेब सांगितला:
चरबी, मडकं एक.
कशासाठी?
खेचर, म्हटलं. मागचा डावा पाय.