ळचे खिळे

सुमित्राबाई मुतगेकरांची हस्तलिखितं
आधी झटकून घ्यावी लागत.
गॅलीवर पीठ सांडायचं, जोंधळ्याचं,
सणासुदीला हरभऱ्याचं,
आणि मशीनवरचा विरूपाक्ष शिंकत म्हणायचा,
"आली बघा राक्षसीण."

वडगावात, मागांच्या खटखटीत, त्यांची गिरणी.
तिशीतच केस पांढरे. धुतले की काळे.
पट्टा फिरत असला की बोलणं नाही, नुसत्या खुणा.
लाईट गेली की मात्र
डबे घेऊन रांगेत बसलेल्या पोरांना
त्या सांगायला लागायच्या:
चाळणीतून गाळून घेतलेलं चांदणं,
जात्याच्या खुंट्याखालचं तळहाताएवढं राज्य,
सातव्या डब्यात झोपलेला राक्षस,
ज्याच्या भाकरी झाल्या तरी तो उठला नाही.
लाईट आली की गोष्ट तिथंच तुटायची.
पोरं बल्बला शिव्या द्यायची.
म्हणून त्यांच्या अकरा पुस्तकांतलं एकही प्रकरण
नीट संपत नाही.
एका समीक्षकानं याला तंत्र म्हटलं.
मला विचारलं असतं तर मी केईबी म्हणालो असतो.

पुण्याच्या एका प्रकाशकानं एकदाच पुस्तक घेतलं.
प्रुफं आली, प्रत्येक 'खरं'चा 'पण' केलेला.
आमच्याकडं पणला खरं म्हणतात:
परी येणार होती, खरं बस चुकली.
बाईंनी गठ्ठा परत पाठवला, वर एक ओळ:
"तुमचं बरोबर असंल, खरं माझं पुस्तक मला द्या."

त्यानंतर सगळं आमच्याच छापखान्यात, शहापुरात.
पाचशे प्रती. थोड्या तागडीशेजारी विकल्या गेल्या,
बाकीच्या दळणाबरोबर.

एकदा मीच त्यांना सांगितलं,
बाई, ळ संपले. केसमध्ये चौदा आहेत,
त्यातले पाच झिजलेले.
मिरजेहून नवे यायला महिना लागंल.
जरा बेतानं वापरा.
हसल्या नाहीत. छत्री उचलली, गेल्या.

आठ दिवसांनी आणली
ळ चोरीला गेलेल्या मुलखाची गोष्ट.
तिथं आभाळाचा नुसता आभा उरला,
झाडाला फ लोंबत राहिला,
आई "बाळ" म्हणायला जायची, तोंडातून "बा" निघायचं,
आणि ओसरीवरून म्हातारा "ओ" द्यायचा.
बेळगावचं बेगाव झालं.
यावर पोरं खूप हसली.
छापखान्यातली मोठी माणसं
खिळ्यांत डोकं घालून बसली.

एका फॉर्मात नऊच्या वर ळ नाही.
मी मोजलेत.

पुढं बैलहोंगलचे चन्नवीर अंगडी मास्तर आले,
कानडीत करतो म्हणाले.
दर रविवारी गिरणीत, पोत्यावर बसून,
दोघं एकेक शब्द घालून दळत.
मी विचारलं, मास्तर, चोरीचं कसं करणार?
म्हणाले, "सगळं बदलावं लागलं हो,
राक्षसाचं जेवण, परीचा परकर.
ळ तेवढा आमच्यातबी आहे.
चोर तसाच उचलून आणलो."

बाई गेल्या.
बारावं हस्तलिखित त्यांच्या मुलानं आणून दिलं,
साखरेच्या पिशवीत.
चोर सापडलाय जकात नाक्यावर.
शिपाई म्हणतो, झोळी उघड.
चोर झोळीत हात घालतो आणि

तिथं शाई नाही. बोटाची खूण, पिठाची.

मी तेवढं जुळवलंय, दोरा बांधून ठेवलंय.
नवे ळ आता पुष्कळ आहेत, वापरायला कोणी नाही.
तेव्हाची रांगेतली पोरं, आता टक्कल पडलेली,
अजून येऊन विचारतात, पुढं काय?
सांगितलं असतं.
खरं, हल्ली लाईटच जात नाही.